तालमीचा चेंडू

परगावचा मनुष्य कोल्हापुरात पत्ता विचारू लागला की त्याला रस्त्याचे नाव क्वचितच सांगण्यात येते. ‘अमुक तालमीपाशी उतरा आणि तिथं विचारा,’ एवढेच उत्तर मिळते. ज्या गावात तालीम ही पत्त्याची खूण आहे, त्या गावाचा इतिहास तालमीला वगळून कसा सांगावा?

तालीम हा शब्द मूळचा अरबी. त्याचा अर्थ शिक्षण. लाल मातीचा हौदा, कोनाड्यात मारुती आणि देखरेखीला वस्ताद, एवढे असले की पेठेची शाळा उभी राही. शाहू छत्रपतींच्या कारकीर्दीत, म्हणजे १८९४ ते १९२२ या काळात, कुस्तीला मोठा राजाश्रय लाभला. १९१२ साली खासबाग मैदान झाले. खोलगट बांधणीमुळे तेथे शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही आखाडा स्वच्छ दिसतो. पण तालमीत केवळ कुस्ती नव्हती. गणपती तिथेच बसे, मोहरमचे पंजेही कित्येक तालमींत बसत, आणि पेठेतला तंटाही पुष्कळदा तिच्याच पायरीवर मिटे.

पुढे याच पोरांच्या पायात चेंडू आला. १९४० साली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन स्थापन झाली. खेळ नवा, पण नाव मात्र जुने राहिले. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम ही फुटबॉलच्या संघांची नावे आहेत, हे परक्यास सांगून पटत नाही. शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब यांच्यामागेही अशीच पेठ उभी असते.

कुस्तीत हरतो तो एक मल्ल. फुटबॉलात हरते ती अख्खी पेठ. आमच्या लहानपणी घरातच दोन पक्ष असत. वडील शिवाजी पेठेचे, आजोळ मंगळवार पेठेत. सामन्याच्या दिवशी आम्ही शाहू स्टेडियमवर एका बाजूला बसत असू आणि मामा समोरच्या बाजूला. आम्ही हरलो की संध्याकाळी मामा मुद्दाम घरी येत, आणि ‘काय भाचेबुवा, आज जेवण गोड लागंल का?’ असे विचारीत. आई मात्र दोघांनाही एकाच पंगतीला बसवी.

ही चुरस केवळ आमचीच नव्हे. आयर्लंडात १८८४ साली गेलिक क्रीडासंघटना स्थापन झाली. तेथे हर्लिंग नावाचा काठीचेंडूचा खेळ आहे. तिथला क्लब बहुधा एखाद्या धर्मग्रामाचा असतो, आणि शेजारचे धर्मग्राम हाच त्याचा कट्टर प्रतिस्पर्धी. शेजाऱ्याला जिंकण्यात जी गोडी आहे, ती दूरच्या परक्याला जिंकण्यात नाही, हेच खरे.

परंतु एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. आखाड्यात उतरणारा गडी आधी मातीला हात लावतो, सलामी देतो, मगच झुंजतो. आणि तोल सुटला तर डोळे वटारायला वस्ताद असतो. प्रेक्षकांच्या गर्दीत वस्ताद नसतो. म्हणूनच कधी दगडफेक झाली, सामने थांबले आणि गावाला मान खाली घालावी लागली. शिवाय जिंकण्याच्या ईर्ष्येने परगावचे, परदेशीही खेळाडू आणले जाऊ लागले. त्यांचा खेळ पाहून आमची पोरे शिकली, हे खरे. पण गल्लीतला मुलगाच कडेला बसून राहिला, तर पेठेने ओरडायचे कोणासाठी?

मुले तर तयार आहेत. २०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषक स्पर्धा भारतात झाली, तेव्हा भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. त्या दिवसांत कोणत्याही पेठेने त्याला परका मानले नाही.

चुरस मोडावी असे आम्ही म्हणत नाही. ती गेली तर तालमीला कुलूपच लागेल. आमचे मागणे एवढेच, की तालमीने चेंडू घेताना वस्तादाला घरी ठेवू नये. सामना संपला की मामा घरी यावेत, चार शब्द टोचून बोलावेत आणि जेवूनच जावेत.