विजयदुर्गावरील ओटे

विजयदुर्ग किल्ल्यावर प्रवाशांस ‘साहेबाचे ओटे’ दाखविण्यांत येतात. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणांत नॉर्मन लॉकियर यांनीं येथूनच हेलियम शोधला, अशी आख्यायिका आहे. परंतु त्या वर्षीं लॉकियर इंग्लंडांतच होते. २० ऑक्टोबर रोजीं त्यांनीं ग्रहणावांचूनच सौरज्वालांचा वर्णपट पाहिला. विजयदुर्गास ते आले २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठीं. ‘मेल्पॉमिनी’ युद्धनौकेचे खलाशी त्यांच्या मदतीस होते. त्याच ग्रहणाचें निरीक्षण पुण्याच्या प्रा. कावसजी नायगांववाला यांनीं जेऊर येथून केलें.

एवढ्यानें विजयदुर्गाचें महत्त्व उणावतें, असें आम्हांस वाटत नाहीं. येथून पाहिलेला प्रभामंडल म्हणजे विद्युद्भारित कणांचा समूह होय. अशा अवस्थेस १९२८ सालीं लँगम्यूर यांनीं ‘प्लाझ्मा’ हें नांव दिलें. सूर्याचा हा प्लाझ्मा सौरवातरूपानें अवकाशांत पसरतो. सौरक्षोभाच्या वेळीं पृथ्वीभोंवतींचे इलेक्ट्रॉन तप्त होऊन भूस्थिर यानांच्या पृष्ठावर सांचतात. उन्हांत प्रकाश त्यांतील कांहीं हुसकून लावतो. पण यान पृथ्वीच्या छायेंत शिरलें, म्हणजे त्यास ग्रहण लागलें, कीं पृष्ठ हजारों व्होल्टपर्यंत ऋणभारित होऊं शकतें. लगतच्या भागांत विषमता वाढली, तर ठिणगी पडून उपकरणें बिघडतात. म्हणून पृष्ठास विद्युद्वाहक लेप देऊन सर्व भाग परस्परांस जोडतात.

२ सप्टेंबर २०२३ रोजीं निघालेल्या भारताच्या ‘आदित्य-एल१’ वर कृत्रिम ग्रहण घडवून प्रभामंडल पाहणारें उपकरण आहे. ओट्यांवर १८९८ हें खरें साल सांगितलें, तर हा वारसा विजयदुर्गास निःसंकोचपणें मिरवितां येईल.