जाहीर किल्ली, उघडा पत्ता

मंडळी, आज आपण एका सार्वजनिक वहीचा इतिहास पाहू. अशा वह्या परभणीकरांना नव्या नाहीत. सातबारा आता मोबाइलवर कुणालाही पाहता येतो. घेणाऱ्याची फसगत टळावी, हा हेतू. पण ज्याचा आपल्या रानावर डोळा आहे, त्यालाही तो दिसतोच की!

१९७६ मध्ये व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी जोडकिल्लीचा विचार मांडला. एक किल्ली जगाला द्यायची. तिनं पत्र फक्त बंद होतं. दुसरी आपल्यापाशी ठेवायची. उघडतं ते तिनंच. १९९१ मध्ये फिल झिमरमन यांच्या ‘पीजीपी’नं ही सोय सामान्य माणसाच्या संगणकावर आणली. आता दूरच्या अनोळखी माणसाची जाहीर किल्ली मिळवायची कुठून? त्यासाठी की-सर्व्हर आले. किल्लीबरोबर तिथं धन्याचं नाव आणि ईमेलचा पत्ताही लागला.

एका सर्व्हरवरची नोंद बाकीच्यांवर आपोआप पोचे, आणि पुसता मात्र येत नसे. हा निष्काळजीपणा नव्हता बरं का! कुठल्याही सरकारनं दडपण आणून नोंद गायब करू नये, म्हणून मुद्दाम केलेली ती रचना होती. शिवाय कुणाचीही किल्ली कुणीही चढवू शके, धन्याला न विचारता.

इथं जाहिरातवाल्यांचं फावतं. मे १९७८ मध्ये अर्पानेटवर सुमारे चारशे जणांना न मागितलेलं जाहिरातपत्र गेलं. ते पत्ते छापील डिरेक्टरीतूनच उचललेले होते. म्हणजे जिथं यादी, तिथं वेचणारा आलाच. सरकारी संकेतस्थळांवर पत्त्यातल्या चिन्हाऐवजी कंसात ‘ॲट’ लिहिलेलं दिसतं, ते वेचणाऱ्या प्रोग्रॅमला चकवण्यासाठी. की-सर्व्हरवर पत्ता सरळ वाचता येई. पुढे पत्ता बदलला तरी जुनी नोंद राहायचीच.

जून २०१९ मध्ये नवा सर्व्हर आला. त्यावर आधी त्या पत्त्यावर पत्र जातं. धन्यानं होकार दिला तरच पत्ता शोधात सापडतो, आणि नंतर काढताही येतो. युरोपच्या २०१८ च्या विदा-कायद्यानुसार नोंदी काढण्याच्या मागण्या आल्या आणि जून २०२१ मध्ये जुन्या सर्व्हरांचा मुख्य समूह बंद पडला.

आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा आहे. पण जी माहिती आपण स्वतःच जाहीर केली, तिला तो लागू होत नाही. मग किल्ली दुसऱ्यानंच चढवली असेल तर? ती ‘आपण’ जाहीर केली म्हणायची का? तत्त्वज्ञानात आम्ही ‘कर्ता कोण’ हा प्रश्न आयुष्यभर शिकवला. इथं तो व्यवहारात उभा राहतो.

आमचं म्हणणं एवढंच, की विश्वासासाठी किल्ली जाहीर हवी. पत्ता जाहीर करायचा की नाही, हे धन्यानं ठरवावं. तेव्हा किल्ली चढवण्याआधी दोन गोष्टी विचारा: होकार घेतात का, आणि नोंद काढता येते का? दोन्हींना ‘हो’ मिळालं नाही, तर किल्ली ज्याची त्याला हातोहात द्यावी.