बेटावरील बिनतारी मोहीम

शहापूरच्या माहुलीगडाने किंवा मुरबाडच्या सिद्धगडाने अडविलेली अतिउच्च वारंवारतेची लहर बहुधा खोऱ्यातच विरून जाते. परंतु लघुलहर शेकडो किलोमीटर उंचीवरील आयनावरणावरून परतून डोंगर आणि समुद्र दोन्ही ओलांडते, आणि याच गुणधर्माच्या भरवशावर हौशी बिनतारी चालकांनी दुर्गम बेटांवर मोहिमा नेण्याची प्रथा पाडली.

अंदमान-निकोबार हा सामरिक महत्त्वाचा मुलूख असल्याने तेथून प्रक्षेपण करण्याचा परवाना सरकारदरबारी दुर्मीळ होता. १९८७ नंतर प्रथमच तो मिळाला तो हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेच्या भारती प्रसाद यांच्या चिकाटीमुळे, आणि डिसेंबर २००४ मध्ये पोर्ट ब्लेअरहून त्यांचा संकेत उमटताच जगभरच्या चालकांनी, संपर्क साधलेल्या मुलखांच्या आपल्या नोंदवहीतील अंदमानची वर्षानुवर्षे रिकामी राहिलेली जागा भरण्यासाठी, अहोरात्र कान लावले. २६ डिसेंबरला प्रातःकाळी भूकंप झाला, पाठोपाठ त्सुनामी आली, दळणवळण कोलमडले. तेव्हा संपर्कांची संख्या वाढविण्याचा सारा उद्योग थांबवून प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीच यंत्रे मदतकार्यासाठी राबविली, आणि मुख्य भूमीवरील व्याकूळ आप्तांना बेटांवरील माणसांची खुशाली कळू लागली. माझ्या मते मोहिमेचे खरे फलित हेच होय. पावसाळ्यात माळशेज घाटात दरड कोसळून ज्यांचा रस्ता तुटतो, त्या मुरबाडकरांना तर ते विशेष जवळचे वाटावे; केंद्र सरकारची परीक्षा देऊन हौशी बिनतारी चालकाचा परवाना येथील तरुणांनाही मिळविता येतो.

अंदमानची कवाडे पुन्हा बंद झाली नाहीत. एप्रिल २००६ मध्ये पोर्ट ब्लेअरला भरलेल्या मेळाव्यात परदेशी चालकांनाही तेथून प्रक्षेपणाची मुभा मिळाली.