ह्यूमन रिलेशन्स

कामाच्या ठिकाणच्या मानवी संबंधांचा अभ्यास करणारे इंग्रजी संशोधन-नियतकालिक. लंडनची टॅव्हिस्टॉक संस्था व अमेरिकेतील कुर्ट लेविन (→ गटगतिकी) यांचे संशोधन केंद्र यांनी १९४७ मध्ये ते सुरू केले. यंत्र व माणूस यांचा एकत्र विचार हे त्याचे वैशिष्ट्य. ट्रिस्ट-बॅमफर्थ यांचा कोळसा खाणींवरील लेख (१९५१) आणि ए. के. राइस यांचा अहमदाबादच्या कॅलिको गिरणीतील माग-खात्याचा लेख (१९५३) यांतून ही भूमिका घडली. म्हणून नियतकालिकाच्या वाढीत भारतीय कामगाराचा वाटा मोजावाच लागतो. एका गिरणीवरून सार्वत्रिक निष्कर्ष निघत नाही, हा आक्षेप रास्त आहे. मात्र त्या निष्कर्षांची तपासणीही याच नियतकालिकात छापली गेली : एरिक मिलर यांनी १९७५ मध्ये कॅलिकोचा पुनराभ्यास प्रसिद्ध केला.