निविदा लिहील यंत्र, जबाबदारी मात्र कंत्राटदाराची

सरकारी कार्यालयाला मोटारी भाड्याने पुरवायच्या असोत वा एखाद्या महापालिकेच्या परिवहन उपक्रमासाठी बस चालवायच्या असोत, काम मिळवण्याचा रस्ता निविदेतूनच जातो. शे-दोनशे पानांचा दस्तऐवज, मागाहून निघणारी शुद्धिपत्रके, शपथपत्रांचे नमुने आणि ठरलेल्या मिनिटाला बंद होणारे संकेतस्थळ यांना तोंड देताना लहान वाहतूकदारांची दमछाक होते. त्यामुळे निविदा भरून देणाऱ्या सल्लागारावर अवलंबून राहण्याची पद्धत रूढ झाली. आता त्याच्या जोडीला चॅटजीपीटी, जेमिनी, क्लॉड यांसारखी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आली आहेत आणि 'हमखास जिंकणारी निविदा' काही मिनिटांत लिहून देण्याची भाषाही त्यासोबत आली आहे. प्रत्यक्षात हे साधन कुठवर साथ देते आणि कुठे घात करते, हे समजून घेणे आवश्यक आहे.

निकाल कशावर लागतो?

राज्यातील शासकीय ई-निविदा 'महाटेंडर्स' या संकेतस्थळावर भरल्या जातात. त्यासाठी तिसऱ्या वर्गाची डिजिटल स्वाक्षरी लागते. दोन लिफाफा पद्धतीत आधी तांत्रिक लिफाफा उघडतो. त्यात नोंदणी, उलाढाल, अनुभवाचे दाखले, वाहनांची कागदपत्रे आणि बयाणा रक्कम तपासली जाते. यात पात्र ठरलेल्यांचाच आर्थिक लिफाफा उघडला जातो आणि सर्वसाधारणपणे सर्वांत कमी दर देणाऱ्यास काम मिळते. केंद्राच्या 'जेम' या खरेदी संकेतस्थळावर काही वेळा त्यानंतर उलटा लिलावही होतो. अशा निविदेत भाषेच्या सौंदर्याला एकही गुण नसतो.

अपवाद आहे तो गुणवत्ता आणि दर यांचा एकत्रित विचार करणाऱ्या पद्धतीचा. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये सल्लासेवेव्यतिरिक्तच्या सेवांनाही काही अटींवर ही मुभा दिली. मात्र दराव्यतिरिक्तच्या निकषांना कमाल ३० टक्के भारांक ठेवला. वेळापत्रक, चालकांच्या पाळ्या, देखभाल, तक्रार निवारण यांचा आराखडा मागितला असेल, तर नेमके लेखन उपयोगी पडते.

खरा उपयोग वाचनाचा

म्हणूनच या साधनाचा मोठा लाभ लिहिण्यापेक्षा वाचण्यात आहे. एक शपथपत्र राहिले, विम्याची मुदत संपली, दाखल्यावरील नाव आणि नोंदणीतील नाव जुळले नाही, अशा किरकोळ कारणांनीही निविदा बाद होते. निविदेतील प्रत्येक अट, तिचा पृष्ठक्रमांक, लागणारे कागदपत्र आणि त्याची मुदत यांचा तक्ता यंत्र झटपट करून देते. मूळ अटी आणि शुद्धिपत्रक यांतील फरक शोधणे, परस्परविरोधी कलमे दाखवणे, निविदापूर्व बैठकीसाठी लेखी प्रश्नांचा मसुदा करणे ही कामेही त्याला जमतात.

मराठी कागदपत्रांबाबत मात्र अधिक दक्षता हवी. छायाप्रतीवरून मजकूर वाचताना देवनागरी अंक चुकण्याची शक्यता असते. जुन्या, युनिकोड नसलेल्या टंकातील मजकुराची तर अक्षरेच बदलून जातात. दिनांक आणि रकमा मूळ प्रतीवरून पडताळल्याखेरीज तक्त्यावर विसंबू नये.

एका रुपयाचे गणित

वाहतुकीच्या कंत्राटात खरी परीक्षा दराची असते. शहर बससेवेत सध्या 'ग्रॉस कॉस्ट' पद्धत प्रचलित आहे. बस, चालक व देखभाल कंत्राटदाराची; तिकिटाचे उत्पन्न उपक्रमाचे आणि कंत्राटदारास प्रतिकिलोमीटर ठराविक मोबदला. केंद्राच्या 'सीईएसएल' कंपनीने २०२२ मध्ये कोलकाता, दिल्ली, बंगळूर, हैदराबाद आणि सुरत या पाच शहरांसाठी ५,४५० विद्युत बसची एकत्रित निविदा काढली, तीही याच धर्तीवर. अशी कंत्राटे १०-१२ वर्षे चालतात.

समजा, १०० बस रोज प्रत्येकी २०० किलोमीटर धावतात आणि दर खर्चापेक्षा एका रुपयाने कमी भरला गेला. तोटा रोज २० हजार, वर्षाला ७३ लाख आणि १२ वर्षांत ८ कोटी ७६ लाख रुपये होतो. बॅटरी बदलण्याचा खर्च, रिकाम्या फेऱ्यांचे किलोमीटर, दंडाची कलमे, देयक मिळण्यातील विलंब हे सारे त्या एका रुपयात दडलेले असते. यंत्राला डेपोतील रस्ता आणि कंत्राटदाराचे कर्ज ठाऊक नसते. ते सांगते तो दर दिलेल्या माहितीवरचा अंदाज असतो.

त्याची झळ कोणाला बसते, हे मुंबईने पाहिले आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये बेस्टच्या भाडेतत्त्वावरील बसच्या चालकांनी वेतनवाढीसाठी काम बंद केले, तेव्हा थांब्यांवर ताटकळले ते प्रवासीच.

खोट्या दाखल्याची किंमत

ही साधने नसलेली माहितीही आत्मविश्वासाने मांडतात. ऑस्ट्रेलियात एका बड्या सल्लागार संस्थेने सरकारला दिलेल्या सुमारे ४ लाख ४० हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या अहवालात अस्तित्वात नसलेले संदर्भ आढळले. ऑक्टोबर २०२५ मध्ये संस्थेला शुल्काचा काही भाग परत करावा लागला. निविदेत न केलेल्या कामाचा अनुभव किंवा नसलेले प्रमाणपत्र असे घुसले, तर 'यंत्राची चूक' हा बचाव टिकणे कठीण; कारण डिजिटल स्वाक्षरी निविदाकाराची असते. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम २०१७ नुसार बयाणा रक्कम अंदाजित किमतीच्या साधारण २ ते ५ टक्के असते आणि खोटी माहिती देणे हा सचोटीच्या संहितेचा भंग ठरतो. त्यासाठी निविदाकारास दोन वर्षांपर्यंत प्रतिबंधित करता येते.

गोपनीयतेचा प्रश्नही तितकाच गंभीर आहे. आपले दरपत्रक सार्वजनिक साधनात टाकणे म्हणजे ते स्वतःच्या ताब्याबाहेर देणे. प्रतिस्पर्ध्यांनी एकाच साधनाच्या आडून दर संगनमताने ठरवले, तर तो स्पर्धा कायदा २००२ चा भंग होय.

नियम काय सांगतात?

ब्रिटन सरकारने मार्च २०२४ च्या मार्गदर्शक सूचनेत निविदालेखनासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापरावर सरसकट बंदी घातली नाही. मात्र असा वापर केला आहे का, हे निविदाकारास विचारण्याची मुभा आपल्या खात्यांना दिली. आपल्याकडे केंद्रीय अर्थ मंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्वतःच्या कर्मचाऱ्यांना कार्यालयीन संगणकांवर अशी साधने न वापरण्यास सांगितले, तेही गोपनीयतेच्या कारणास्तव. निविदाकारांनी संबंधित कार्यालयाची अट वाचावी आणि शंका असल्यास ती निविदापूर्व बैठकीतच लेखी विचारावी, हे श्रेयस्कर.

यादी यंत्राने करावी, मसुदाही करावा. पण दाखले खरे आहेत का आणि भरलेल्या दरात १२ वर्षे बस धावेल का, या दोन प्रश्नांची उत्तरे स्वाक्षरी करणाऱ्यानेच द्यायची आहेत. निविदा जिंकणे हा कंत्राटाचा पहिला दिवस असतो. थांब्यावरचा प्रवासी त्यानंतरच्या प्रत्येक दिवशी बसची वाट पाहत असतो.