मास्तर, फक्त बोलून दाखवा

१८८६ च्या सप्टेंबरात सोलमध्ये एक सरकारी शाळा उघडली आणि तिच्या दारात पालख्या थांबू लागल्या. पालखीतून उतरणारे विद्यार्थी बड्या घराण्यांतले, काही तर आधीच दरबारच्या नोकरीत असलेले तरुण अधिकारी. मागून नोकर यायचा, एका हातात धन्याची पुस्तके आणि दुसऱ्या हातात तंबाखूची लांब नळी घेऊन. वर्गात त्यांची वाट पाहत असायचे अमेरिकेतून मागवलेले तीन मास्तर, हॉमर हल्बर्ट, जॉर्ज गिलमोर आणि डॅल्झेल बंकर. तिघेही न्यूयॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीतले. हल्बर्टचे वय तेव्हा २३. आल्या दिवशी तिघांना कोरियनचा गंध नव्हता आणि समोरच्या पस्तीसेक विद्यार्थ्यांत बहुतेकांना इंग्रजी मुळाक्षरांचा. मध्ये दुभाषे बसवलेले. मास्तरांनी एक वाक्य बोलायचे, दुभाष्याने ते उलटवायचे आणि सरदारपुत्राने मनात असेल तर ऐकायचे.

परदेशी मास्तर आणून इंग्रजी शिकण्याचा कोरियाचा उद्योग तेव्हापासून, मधले खंड सोडले तर, चालूच आहे. मास्तरांचे वैतागही तेवढेच जुने आहेत. पगार, घर, वेळेवर न मिळणारे निरोप, 'तुम्ही पाहुणे' म्हणत बाहेर ठेवले जाणे. तपशील पिढीगणिक बदलले, पण मुळाशी एकच गोष्ट दिसते. कोरियाला या माणसाची जीभ हवी असते, आणि जिभेबरोबर येणारा अख्खा माणूस जरा अडचणीचा वाटतो.

त्या काळी जीभ हवी असण्याचे कारण उघड होते. १८८२ मध्ये अमेरिकेशी तह झाला, बंदरे उघडली, आणि दरबारात इंग्रजी येणारे माणूस मिळेना. १८८३ मध्ये जर्मन सल्लागार मलेनडॉर्फच्या पुढाकाराने दोंगमुनहाक ही दुभाषे घडवणारी छोटी शाळा निघाली. पण राजा गोजोंगला चांगल्या घरातली मुले शिकवून हवी होती. त्याने अमेरिकेकडे शिक्षक मागितले, १८८४ च्या अखेरीस राजधानीत बंड झाले आणि काम लांबणीवर पडले. अखेर १८८६ मध्ये पालख्यांची ती शाळा, युग्यंग गोंगवॉन, उघडली. गणित, भूगोल, सगळे इंग्रजीतून. सुरुवातीचा उत्साह दांडगा होता. पुढे नोकरीतले विद्यार्थी कामाचे निमित्त सांगून दांड्या मारू लागले. सरदारपुत्रांना दरबारात बढती हवी होती, आणि ती मिळवण्याचे इंग्रजीहून जवळचे रस्ते त्यांना ठाऊक होते. गिलमोर १८८९ मध्ये गेला, हल्बर्ट १८९१ मध्ये, बंकर तेवढा टिकला. १८९४ मध्ये शाळाच बंद पडली.

तिच्या पटावरचे एक नाव मात्र कोरियात आजही थुंकावे तसे उच्चारले जाते. ई वान-योंग. तो इथे इंग्रजी शिकला, वॉशिंग्टनच्या वकिलातीत नोकरी करून आला आणि १९०५ मध्ये कोरियाला जपानचे संरक्षित राज्य करणाऱ्या करारावर, नंतर १९१० मध्ये विलीनीकरणाच्या करारावर त्याने सह्या केल्या. त्याच १९०५ च्या कराराविरुद्ध राजाचे पत्र घेऊन वॉशिंग्टनला धावला तो त्याचा मास्तर, हल्बर्ट. १९०७ मध्ये हेगच्या परिषदेसाठीही त्याने खटपट केली. कुठेच कोणी ऐकले नाही. या हल्बर्टने दरम्यान कोरियन लिपी शिकून त्या लिपीत जगाच्या भूगोलाचे पाठ्यपुस्तक लिहिले होते, तेही अशा काळात जेव्हा शिकलेले कोरियन लोक आपल्याच लिपीला कमी लेखून चिनी अक्षरांत लिहीत. १९४९ मध्ये म्हातारपणी तो परत आला, आठवडाभरात वारला आणि सोलच्या यांगह्वाजिन दफनभूमीत विसावला. परदेशी मास्तरांत सगळ्यात लाडका ठरला तो हा, जिभेपलीकडचे काही देऊन गेलेला.

मिशनऱ्यांची तऱ्हा वेगळी. मेरी स्क्रँटनबाईंनी मुलींची शाळा काढली, पुढे तीच इह्वा. तिथे १८८६ मध्ये आलेली पहिली विद्यार्थिनी एका अधिकाऱ्याची उपपत्नी होती. तिला इंग्रजी शिकून राणीची दुभाषी व्हायचे होते. तीन महिन्यांत ती निघून गेली. भल्या घरातली मुलगी परक्या बाईकडे कोण पाठवणार? १८८८ मध्ये तर सोलभर आवई उठली की हे परदेशी लोक मुले पळवून खातात आणि त्यांच्या डोळ्यांची औषधे करतात. प्रकरण इतके चिघळले की वकिलातींच्या रक्षणासाठी बंदरातल्या जहाजांवरून सैनिक आणावे लागले.

जपानी अमलात इंग्रजी मागे पडले. १९४५ नंतर ते बुटांच्या टापांबरोबर परत आले. दक्षिणेत अमेरिकी लष्करी सरकार बसले आणि मॅकआर्थरच्या पहिल्याच जाहीरनाम्यात इंग्रजी ही कारभाराची अधिकृत भाषा ठरली. ज्याला चार वाक्ये येतात तो साहेबाच्या कानाशी. लोक या राजवटीला चिडून 'दुभाष्यांचे राज्य' म्हणत. इंग्रजी म्हणजे वर जाण्याची शिडी, हे तेव्हा घराघरांत पक्के झाले.

१९६६ मध्ये अमेरिकेच्या पीस कोअरची पहिली तुकडी आली. १९८१ पर्यंत सुमारे २,००० तरुण-तरुणी येऊन गेले, त्यांतले पुष्कळ शाळांत इंग्रजी शिकवायला. पुढे कोरियाचा नामांकित इतिहासकार झालेला ब्रूस कमिंग्ज त्यांतलाच. कॅथलीन स्टीव्हन्सही. १९७५ मध्ये ती येसानच्या शाळेत मास्तरीण होती, २००८ मध्ये अमेरिकेची राजदूत म्हणून परतली आणि आपल्या जुन्या कोरियन नावाने, शिम उन-ग्यंग म्हणून, ओळखली जाऊ लागली.

या पोरांचे हाल खरे होते. एका वर्गात साठ-सत्तर मुले. परीक्षेत येणारे व्याकरण कोरियन शिक्षकच शिकवणार, पाहुण्याने उच्चार करून दाखवायचे आणि सत्तर कंठांनी ते परत म्हणायचे. राहायला एखाद्या कुटुंबात खोली. तिथली जमीन खालून तापवलेली, म्हणजे ओंदोल. तापवायला यॉनथान, भोके पाडलेले कोळशाचे लठ्ठ दंडगोल. ते विझू नयेत म्हणून रात्री उठून बदलायचे. जमिनीला चीर असली तर वायू खोलीत शिरायचा आणि माणूस झोपेतच जायचा. त्या काळच्या हिवाळ्यांत अशा मरणांच्या बातम्या रोजच्या होत्या. शिवाय मध्यरात्री ते पहाटे चार संचारबंदी, जी १९४५ पासून थेट १९८२ च्या जानेवारीपर्यंत चालली. शेवटची बस चुकली की मित्राच्या नाहीतर खाणावळवाल्या आजींच्या दयेवर रात्र.

मग ऑलिंपिक आले. त्याआधी १९८० मध्ये लष्करशहा चुन दू-ह्वानने खासगी शिकवण्यांवर बंदी घातली होती. पालकांनी ती आपापल्या परीने धाब्यावर बसवली, सरकारनेही हळूहळू सैल केली आणि २००० मध्ये घटना न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली. दरम्यान १९८८ चे खेळ झाले, १९८९ मध्ये सामान्य माणसाला परदेशप्रवास खुला झाला. १९९५ मध्ये सरकारी शाळांत परदेशी शिक्षक नेमणारी एपिक योजना आली, १९९७ पासून तिसरीच्या मुलांना इंग्रजी लागले. गल्लोगल्ली इंग्रजीचे हागवॉन, म्हणजे खासगी क्लास, उघडले. इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर पियानो, चौथ्यावर गणित, पाचव्यावर 'वॉनॉमिन'. या शब्दाचा अर्थ मूळ भाषक. पाटीवर तो माणसाच्या नावाऐवजी लिहिला जातो.

या वॉनॉमिनसाठी ई-2 नावाचा व्हिसा. विमानाचे तिकीट, खोली आणि महिना साधारण २० लाख वॉन. ऐकायला छान. पण व्हिसा मालकाशी बांधलेला. काम बदलायचे तर जुन्या मालकाचे सोडचिठ्ठीपत्र हवे, आणि बाहेर एक तास शिकवणी घेतली तरी दंड, नाहीतर हकालपट्टी. वर्ष पूर्ण केले की कायद्याने एक महिन्याचा पगार थ्वेजिकगुम म्हणून, आपल्या ग्रॅच्युइटीसारखा. साहजिकच अकराव्या महिन्यात नारळ मिळण्याच्या कहाण्या या मंडळींत इतक्या ऐकू येतात की नवख्याला पहिला सल्ला तोच मिळतो, अकरावा महिना जपून. दुसरी ठरलेली कहाणी म्हणजे सोमवारी कामावर जावे तर क्लासला कुलूप आणि मालक बेपत्ता. १९९७ च्या अखेरीस तर पगार बुडवायला मालकाची गरजच उरली नाही. डॉलरमागे नऊशेच्या आसपास असलेला वॉन दोन हजारांजवळ घसरला आणि मायदेशी शिक्षणाचे कर्ज फेडणाऱ्या मास्तरांचा पगार जागच्या जागी अर्धा झाला.

सरकारी शाळेत पगार बुडण्याची भीती कमी. तिथला वैताग बारीक, पण रोजचा. सकाळी तयारीनिशी वर्गावर जावे तर वर्ग रिकामा. आज सहल आहे, हे निरोपाच्या खिडकीत कोरियनमध्ये येऊन गेलेले असते. वय पहिल्याच भेटीत विचारले जाते, कारण कोणत्या आदरार्थी रूपात बोलायचे ते त्यावर ठरते. तेही २०२३ पर्यंत कोरियन हिशेबाने, जन्मताच एक आणि दर १ जानेवारीला आणखी एक. संध्याकाळी ह्वेशिक, म्हणजे कचेरीचे सामुदायिक खाणेपिणे. नको म्हणणे अवघड. आणि सुटीतली ती प्रसिद्ध बैठी शिक्षा. कोरियन शिक्षकांना सुटीत 'घरून अभ्यास' करण्याची मुभा नियमातच आहे. परदेश्याच्या करारात रजेचे दिवस मोजलेले, म्हणून जानेवारीत अख्ख्या इमारतीत तो एकटा. वर्गाचे हीटर बंद, अंगात जाडजूड कोट, कागदी कपात पिवळ्या पुडीतली कॉफी, आणि पाच वाजेपर्यंत खुर्ची गरम ठेवायची.

घरी तरी सुख? कचरा ठरावीक पालिकेच्या विकतच्या पिशवीतच टाकायचा (१९९५ पासून), ओला वेगळा. चुकले की शेजारच्या आजी पिशवी परत दाराशी आणून ठेवतात. हे शिकता येते. पण संगणकाशी वाद घालता येत नाही. परदेश्याला तेरा आकडी नोंदणी क्रमांक मिळायचा, तरी अनेक संकेतस्थळे तो 'चुकीचा' म्हणून नाकारत, कारण त्यांची पडताळणी फक्त कोरियन नागरिकांच्या क्रमांकावर बेतलेली. बँक चालवायची तर अ‍ॅक्टिव्हएक्स लागायचे, म्हणजे मायक्रोसॉफ्टचाच ब्राउझर लागायचा. जगातल्या सर्वांत वेगवान इंटरनेटच्या देशात माणूस विमानाचे तिकीट काढायला सहकाऱ्याच्या पाया पडायचा. परदेश्यांनी वर्षानुवर्षे केलेल्या या तक्रारीला वाचा फुटली ती २०१४ मध्ये. एका गाजलेल्या मालिकेतल्या नायिकेचा कोट चिनी चाहत्यांना कोरियन दुकानांतून ऑनलाइन घेता येईना, तेव्हा खुद्द राष्ट्राध्यक्षांनी दखल घेतली. विक्री अडली की यंत्रणा हलते, तिकडेही. अशा व्यवहारांसाठीची सरकारमान्य डिजिटल प्रमाणपत्रांची पद्धत २०२० च्या डिसेंबरात गेली.

सगळ्यात खोल जखम २००७ मधली. मुलांवर अत्याचार केल्याबद्दल इंटरपोल ज्याच्या शोधात होती असा एक माणूस थायलंडमध्ये पकडला गेला आणि तो थोड्याच दिवसांपूर्वीपर्यंत कोरियात शिकवत होता, हे उघड झाले. सरकारने ई-2 वाल्यांकडून गुन्हेनोंद मागायला सुरुवात केली. ते रास्तच. पण सोबत एचआयव्ही चाचणीही आली, जी कोरियन शिक्षकांना नव्हती, कोरियन वंशाच्या परदेश्यांनाही नव्हती. न्यूझीलंडच्या एका शिक्षिकेने ती पुन्हा करायला नकार दिला आणि नोकरी गमावली. २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीने कोरियाविरुद्ध मत दिले, २०१७ मध्ये अट रद्द झाली. १८८८ ची आवई प्रयोगशाळेच्या चिठ्ठीतून परतली होती, एवढेच.

ही भाषा कोणाच्या तोंडून ऐकायची, हेही व्हिसाच ठरवतो. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. हे सात देश, आणि क्लासात शिकवायला पदवी कुठल्याही विषयाची चालते. अमेरिकेत वाढलेल्या, चेहऱ्याने कोरियन असलेल्या ग्योपोंना मात्र 'पालकांना खरा परदेशी हवा' असे ऐकवले जाते. २०१० च्या १ जानेवारीला भारत-कोरिया आर्थिक करार अमलात आला, तेव्हा सरकारी शाळांत सहायक म्हणून भारतीयांनाही दार किलकिले झाले, शिक्षकी पात्रतेच्या अटीसह. म्हणजे पुण्यातल्या पंधरा वर्षे इंग्रजी शिकवलेल्या बाईंनी आपले बीएडचे कागद दाखवायचे, आणि टोरोंटोहून आलेल्या बावीस वर्षांच्या भूगर्भशास्त्राच्या पदवीधराने पासपोर्ट.

त्या पासपोर्टचा भावही आता उतरला आहे. २०१० च्या सुमारास वीस हजारांवर असलेले ई-2 धारक पुढे कमी झाले, शाळांची अंदाजपत्रके आखडली. पगार पंचवीस वर्षे वीस-बावीस लाख वॉनमध्येच घुटमळत राहिला. २०२५ मध्ये कोरियाचे किमान वेतन पूर्णवेळ कामगाराला महिना २०,९६,२७० वॉन इतके झाले आणि क्लासमधला मास्तर व खालच्या मजल्यावरच्या दुकानातला गल्ल्यावरचा पोरगा जवळपास एका रांगेत आले.

नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी सुनंग असते, विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा. कचेऱ्या तासभर उशिरा उघडतात, उशीर झालेल्या मुलांना पोलीस गाडीवरून सोडतात. दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी इंग्रजीच्या श्रवणाचा भाग सुरू होतो आणि त्यासाठी एक वाजून पाच मिनिटांपासून ३५ मिनिटे देशभर एकही विमान चढत-उतरत नाही. वर असलेली वरच घिरट्या घालतात. खाली हजारो वर्गांत भिंतीवरच्या कर्ण्यांतून मूळ भाषकाचा ध्वनिमुद्रित आवाज येत असतो. शाळेतल्या वॉनॉमिनला त्या दिवशी पर्यवेक्षणाचे काम नसते. बहुधा त्याला आदल्या संध्याकाळी कोणीतरी जाता जाता सांगितलेले असते, उद्या येऊ नका.