गांधीजी, शाहरुख आणि उधारीची वही

वाई सिनेमात कितीतरी वेळा दिसलीय, पण वाई म्हणून क्वचितच. प्रकाश झा यांच्या 'गंगाजल'मध्ये (२००३) ती बिहारमधलं तेजपूर आहे. 'स्वदेस'मध्ये (२००४) शेजारचं मेणवली उत्तर प्रदेशातलं चरणपूर झालं. 'दबंग'मध्ये (२०१०) वाईचं लालगंज झालं आणि 'चेन्नई एक्सप्रेस'मध्ये (२०१३) थेट तमिळनाडूतलं कोंबन. हे सगळे सिनेमे मी आमच्या घरच्यांबरोबर पाहिलेत. ते पाहण्याची आमच्याकडे एक पद्धत आहे. गोष्टीकडे कुणाचंच लक्ष नसतं. काका पडद्याच्या कडा बघत असतात: कुठे एसटीची लाल पाठ राहून गेलीय का, एखाद्या जीपवर एमएच ११ तसंच आहे का, मागच्या गर्दीत टोपीवाला कोण.

आमचं बाजारपेठेत किराणा-भुसाराचं दुकान आहे. दुकानात कोण कोण 'मोठी माणसं' येऊन गेली याची एक यादी घरात तोंडी चालत आलेली आहे. ही यादी आणि दुकानाच्या वह्या यांचा मेळ घालायचं काम मागच्या वर्षी माझ्याकडे आलं. का आलं ते पुढे सांगते. आधी गावाबद्दल थोडं.

वाईला दक्षिण काशी म्हणतात. कृष्णेचे घाट, पाण्यापर्यंत उतरलेल्या दगडी पायऱ्या, गणपतराव रास्त्यांनी १७६२ साली बांधलेलं ढोल्या गणपतीचं देऊळ, पेठेतले जुने वाडे. कॅमेरा योग्य जागी लावला तर ही गंगा नव्हे असं शपथेवर सांगणं अवघड. त्यात पुणे जवळ, मुंबई एका दिवसाच्या आत, आणि नटनट्यांना राहायला पसरणीचा घाट चढला की पाचगणीची हॉटेलं. उत्तरेतलं गाव एवढ्या सोयीनं दुसरीकडे मिळत नाही. पण मला त्या 'दक्षिण काशी' शब्दाची गंमत वाटते. म्हणजे दुसऱ्या गावाची भूमिका करणं आम्हाला सिनेमाच्या कितीतरी आधीपासून जमत होतं. आणि वाई म्हणजे महाभारतातली विराटनगरी अशी आख्यायिका आहेच. अज्ञातवासातले पांडव इथे वेष पालटून राहिले म्हणे. नामवंत पाहुणे, तेही ओळखू न येणाऱ्या कपड्यांत: आमच्या दुकानातल्या सगळ्या अफवांचा मूळ साचा हाच आहे. शाहरुख खान पहाटे टोपी डोळ्यांवर ओढून आला आणि खडीसाखर घेऊन गेला, ही आमच्याकडची २००४ सालची नोंद. अर्थात तोंडी.

या अफवांचे काही नियम आहेत. दुकानाचा मालक त्या क्षणी कधीच गल्ल्यावर नसतो. तो जेवायला घरी गेलेला असतो, किंवा वसुलीला. पाहणारा असतो दुकानातला गडी, आणि तो पुढे काम सोडून गावाला गेलेला असतो. पाहुण्यानं घेतलेली वस्तू नेहमी किरकोळ असते. पाच किलो बासमती घेतला असं कुणी सांगत नाही. खडीसाखर, शेंगदाणे, पाणी. पैसे देऊ केले, आपण घेतले नाहीत, हेही ठरलेलं. शेवटच्या नियमात एक व्यवहारी शहाणपण आहे: पैसे घेतलेच नाहीत, म्हणजे वहीत नोंद नसणार.

यादीतलं सगळ्यात मोठं नाव महात्मा गांधींचं. पणजोबांनी दुकान १९३८ साली काढलं. १९४४ च्या पावसाळ्यात गांधीजींची गाडी पाचगणीला जाताना आमच्या दुकानासमोर थांबली, ही गोष्ट मी आजोबांच्या तोंडून किमान पन्नासदा ऐकलीय, आणि दरवेळी थोडी वेगळी. एका आवृत्तीत बरोबरच्या कुणीतरी उतरून रांजणातलं पाणी घेतलं. दुसऱ्या आवृत्तीत शेळीचं दूध मागितलं आणि आमच्या गड्यानं मागच्या आळीतून धावत जाऊन ते आणलं. गांधीजी काय बोलले, असं मी लहानपणी एकदा विचारलं. त्यानंतरच्या आवृत्तीत वार आला. तो सोमवार होता, गांधीजींच्या मौनाचा दिवस, म्हणून त्यांनी फक्त हात जोडले. आमच्या धंद्यात याला पॅच म्हणतात. चूक निघाली की मूळ गोष्टीला हात न लावता वरून ठिगळ.

आता जे पक्कं आहे ते असं. गांधीजी ६ मे १९४४ रोजी आगाखान पॅलेसमधून सुटले आणि त्याच वर्षी जुलैत विश्रांतीसाठी पाचगणीला गेले. १९४५ च्या उन्हाळ्यात ते महाबळेश्वर-पाचगणीला होते आणि १९४६ च्या जुलैत पुन्हा पाचगणीला. पुण्याकडून पाचगणीला चढायचं तर वाई आणि पसरणीचा घाट हाच सरळ रस्ता. म्हणजे ते गावातून गेले असणार, आणि एकदाच नव्हे. गाडी मात्र त्या एका गड्याच्या भरवशावर थांबलेली आहे.

आजी या गोष्टीला कधीच हो म्हणाली नाही. नाहीही म्हणाली नाही. ती लग्न होऊन आली ती पुढे बऱ्याच वर्षांनी, पण सासूकडून तिनं त्या काळाबद्दल भरपूर ऐकलं होतं. "त्यांना आठवायचं ते साखरेचं," ती म्हणाली. "लढाईचे दिवस. साखर नाही, रॉकेल नाही. किराण्याचं दुकान असून घरात गुळाचा चहा. गांधीजी आले असते तर सासूबाईंनी आधी हेच सांगितलं असतं, की घरात साखर नव्हती आणि नेमके तेव्हाच आले." हा पुरावा म्हणून किती टिकेल माहीत नाही. मला तो पटला.

मग वह्या. आमच्या दुकानाच्या जुन्या वह्या नाहीत, आणि त्या का नाहीत हे कळलं तेव्हा मला हसूच आलं. मेणवलीत नाना फडणवीसांचा वाडा आहे. त्यांचं मेणवली दप्तर इतिहासाच्या अभ्यासकांना चांगलं माहीत असतं. पेशवाईतली हजारो कागदपत्रं त्यात टिकली. तिथून जेमतेम तीन-चार किलोमीटरवर आम्ही आमचं दप्तर पुड्या बांधून गावभर वाटून टाकलं. वहीचा कागद जाड असतो, तेल लवकर झिरपत नाही. हळद, जिरं, मोहरी, सगळं त्यात बांधून गेलं. दरवर्षी दिवाळीला नवीन वहीची पूजा व्हायची आणि काही वर्षांनी तीच वही गिऱ्हाइकाच्या पिशवीत जायची. गांधीजींच्या पाण्याची नोंद कधी झाली असेलच, तर तिची पुडी १९५० च्या सुमारास कुणीतरी चुलीत घातली.

नव्वदच्या दशकात प्लॅस्टिकच्या पिशव्या आल्या आणि पुड्या थांबल्या. त्यामुळे तेव्हापासूनच्या वह्या माळ्यावर साठत गेल्या. म्हणजे गांधीजींच्या काळचं काही उरलं नाही, आणि सिनेमावाल्यांच्या काळचं जवळजवळ सगळं उरलं. इतिहासात काय उरतं हे असल्या गोष्टींवर ठरतं. २०१८ मध्ये राज्यात प्लॅस्टिकबंदी आली तेव्हा काकांनी माळ्यावरचा पहिला गठ्ठा खाली काढला होता. मी सुट्टीला आले होते. तो मी पुण्याला घेऊन गेले.

त्या वह्यांमध्ये एकही नट नाही. मी एकेक पान बघितलंय. पण 'शूटिंग' या नावानं खाती आहेत, आणि ती वाचायला कुठल्याही अफवेपेक्षा चांगली आहेत. सुतळी, सुंभ, गोणपाट. केरसुण्या चाळीस. कंदील, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी कंदिलाच्या काचा, म्हणजे बहुतेक फुटल्या. गुळाच्या ढेपा, ज्या खायला नसाव्यात, कारण त्याच ओळीत 'परत आल्या, दोन फुटक्या' असं काकांच्या अक्षरात आहे. खोट्या बाजारात मांडायला खरा माल आमच्याकडून भाड्यानं गेला होता. चहापूड आणि साखर मात्र रोज, आणि इतकी की माणसं किती असतील याचा अंदाज येतो. माल न्यायला यायचा तो प्रॉडक्शनचा माणूस, हातात यादी, घाईत. सिनेमा आमच्या दुकानात खरोखर आला तो या माणसाच्या रूपानं, आणि त्याचं नाव कुणाच्याच लक्षात नाही. एका सिनेमाची बाकी अजून येणं आहे. कोणत्या, ते काका सांगतात, मी लिहिणार नाही.

एकदा दुकानही सिनेमात गेलं. आमच्या पाटीवर 'किराणा भांडार' आहे. कलाविभागाच्या पोरांनी वरून फळी ठोकली आणि त्यावर रंगवलं: 'किराना भंडार'. 'ण'चा 'न' आणि एक काना कमी, एवढ्यावर महाराष्ट्र संपला. शेजारच्या दुकानाला 'मिष्ठान्न' मिळालं. पडद्यावर आमचं दुकान तीन सेकंद दिसतं, तेही पोलिसांच्या जीपमागे. ते तीन सेकंद पाहताना काका दरवेळी गप्प होतात. त्या फळीखाली त्यांच्या आजोबांचं नाव होतं.

मला वाटतं, अफवा सुटतात त्या इथून. पडद्यावर गाव दिसतं पण नाव दुसऱ्याचं. मेणवलीच्या देवळात चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत मिळालेली पोर्तुगीज घंटा आहे. घाटावर येणारे बहुतेक लोक तिच्यासमोर उभे राहून 'स्वदेस' कुठे झाला ते विचारतात. अशा वेळी 'तो इथे, आमच्या दुकानात आला होता' हे वाक्य म्हणजे गावाला गावाचं नाव परत लावणं असतं. त्या वाक्यात तेजपूर नसतं, चरणपूर नसतं. वाई असते, पेठ असते, आमचं दुकान असतं.

म्हणूनच कदाचित जे खरोखर इथे होते त्यांच्याबद्दल काही नाही. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी इथे राहायचे. मराठी विश्वकोशाचं काम इथून चालायचं. पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. आमच्या दुकानात त्यांची एकही अफवा नाही. गावात राहणाऱ्या माणसाची अफवा होत नाही, फार तर उधारी होते. आणि जे नंतर मोठे झाले, त्यांचीही नाही. झांझिबारहून पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत आलेला फारूख बलसारा नावाचा पारशी मुलगा पुढे फ्रेडी मर्क्युरी झाला. पन्नाशीच्या दशकात कुणाला काय कळणार? २०१८ मध्ये त्याच्यावरचा सिनेमा आला आणि माझ्या चुलतभावाला अचानक 'आठवलं' की त्या शाळेतली पोरं आपल्याकडूनच शेंगदाणे न्यायची. तो १९९९ साली जन्मला आहे.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त चुटपुट लागते ती विनोबांची. १९१७ साली, बावीस वर्षांच्या आतबाहेर असताना, गांधीजींच्या आश्रमातून रजा घेऊन ते वाईला आले. प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठ्यांकडे शिकले. इथे त्यांनी विद्यार्थ्यांचं मंडळ काढलं, वाचनालय सुरू केलं, आणि त्याच्या खर्चासाठी दळणाचा वर्ग काढला. पंधरा पोरं, त्यात ते स्वतः, लोकांचं धान्य जात्यावर दळून द्यायची. दर: दोन शेराला एक पैसा. गाव जुन्या वळणाचं, गावानं त्यांना मूर्खात काढलं. तरी वर्ग दोनेक महिने चालला आणि वाचनालयात चारशे पुस्तकं झाली. हे सगळं त्यांनी स्वतः गांधीजींना पत्रानं कळवलेलं आहे. म्हणजे या पेठेतल्या घरांनी विनोबांच्या हातचं पीठ खाल्लं, आणि दळणाचे पैसेही दिले. असली गोष्ट दुसऱ्या कुठल्या गावाकडे असती तर त्या जात्याचं देऊळ झालं असतं. आमच्या कट्ट्यावर ती मी एकदाही ऐकलेली नाही. गाडीतून येऊन न थांबलेले गांधीजी लक्षात राहिले, कारण ते येण्याआधीच गांधीजी होते.

तर, पाटी. मागच्या वर्षी काकांनी दुकानाचं पुढचं अंग नवीन करून घेतलं आणि मला फोन आला. नवीन पाटीवर खाली एक ओळ हवी होती: 'महात्मा गांधी यांच्या पदस्पर्शाने पावन'. मजकूर नीट बघून दे, तू शिकलेली आहेस. मी वह्यांचं सांगितलं, तारखा सांगितल्या, आणि हेही सांगितलं की त्या गोष्टीच्या कुठल्याच आवृत्तीत गांधीजी गाडीतून खाली उतरत नाहीत, मग पदस्पर्श कुठला? काका थोडा वेळ गप्प बसले. मग मी लिहून पाठवलं: 'याच रस्त्याने १९४४ साली महात्मा गांधी पाचगणीस गेले.'

"रस्ता काय, सगळ्यांचाच असतोय," काका म्हणाले. "समोरच्या कापडवाल्यानं पण हेच लिहिलं तर?"

"लिहू दे की. त्याचंही खरंच असेल."

त्यांना ते पटलं नाही. मी विनोबांचं सुचवलं, दळणाचं. ते त्यांनी दोनदा वाचून घेतलं, दर किती होता ते पुन्हा विचारलं, आणि दोन शेराला पैसा म्हणजे परवडत कसं होतं याचा हिशेब करू लागले. पण तेव्हा आपलं दुकानच नव्हतं, असं म्हणून तेही सोडून दिलं.

शेवटी पाटीवर दुकानाचं नाव आहे, पणजोबांचं नाव आहे आणि 'स्थापना १९३८'. भांडारला काना आहे. गांधीजी आत गल्ल्याच्या मागच्या भिंतीवर फोटोत आहेत, पूर्वीपासूनच होते, आणि कुणी नवखं गिऱ्हाईक तिकडे बघत थोडं जास्त वेळ उभं राहिलं की काका वजन करता करता सुरू होतात. अलीकडच्या आवृत्तीत दळणाचं जातंही आलंय, असं चुलतभाऊ सांगतो.